दहा व्होल्टचा भ्रम

१/ जुन्या यंत्राला नवा नियंत्रक जोडताना एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘±१० व्होल्ट हे तर सर्वमान्य प्रमाण. तारा जोडा, यंत्र चालेल.’ हे अर्धसत्य आहे, आणि त्यापायी धडधाकट एसी सर्व्हो ड्राइव्ह भंगारात निघतात.

२/ सर्व्हो ड्राइव्ह म्हणजे आज्ञेबरहुकूम मोटरचा वेग काटेकोर राखणारी पेटी. जुन्या ड्राइव्हला ही आज्ञा अ‍ॅनालॉग व्होल्टेजच्या रूपात मिळते. चिन्हावरून दिशा ठरते, आकड्यावरून वेग.

३/ मग दहाच का? १९५०च्या दशकातला फिलब्रिकचा के२-डब्ल्यू हा निर्वात नळ्यांचा ऑप-अँप ±३०० व्होल्टच्या पुरवठ्यावर चाले आणि ±५० व्होल्ट देई. ट्रान्झिस्टरच्या युगात पुरवठा ±१५ व्होल्टवर स्थिरावला. फेअरचाइल्डचा १९६८चा ७४१ त्याच परंपरेतला. एवढ्या पुरवठ्यातून खात्रीने मिळणारा सोयीचा पूर्णांक म्हणजे १०. दहा व्होल्ट ही मंडलाची मर्यादा होती. वेगाचे माप नव्हे.

४/ माप प्रत्येक कंपनीने स्वतः ठरवले. यास्कावाच्या सिग्मा-२ ड्राइव्हची मूळ मांडणी ६ व्होल्टला निर्धारित वेग देते, मित्सुबिशीच्या एमआर-जे२ची १० व्होल्टला. टॉर्कच्या आज्ञेत पहिल्याकडे ३ व्होल्टला निर्धारित टॉर्क, तर दुसऱ्याकडे ८ व्होल्टला कमाल टॉर्क!

५/ आता हिशेब पाहा. १० व्होल्ट म्हणजे मिनिटाला ३००० फेरे, असे मानणारा नियंत्रक १ व्होल्ट देऊन ३०० फेऱ्यांची अपेक्षा करतो. ६ व्होल्टला तेवढाच वेग देणारा ड्राइव्ह मात्र मोटर ५०० फेऱ्यांनी फिरवतो. साखळीचा गेन १.६७ पट होतो, यंत्र थरथरू लागते आणि खापर फुटते ते ड्राइव्हच्या वयावर.

६/ उपाय साधा आहे. ड्राइव्हच्या पॅरामीटरमध्ये ६च्या जागी १० भरावेत, किंवा नियंत्रकाचे माप ६ व्होल्टला बांधावे. दोन्ही एकदम नव्हे. मग शून्य तपासावे. ६ व्होल्टच्या मापात आज्ञा शून्य असताना ५ मिलिव्होल्ट जरी शिल्लक राहिले, तरी केवळ वेगावर चालणारी मोटर मिनिटाला अडीच फेरे सरकत राहते.

७/ बखरीवर विसंबून इतिहास लिहू नये, अस्सल कागद पाहावा, हे इतिहासाच्या अभ्यासकाला सांगावे लागत नाही. ड्राइव्हची मूळ पुस्तिका हाच इथला अस्सल कागद. तो न उघडता जुने यंत्र निकामी ठरवणाऱ्यांनी ‘प्रमाण’ हा शब्द तरी जपून वापरावा.