शैक्षणिक प्रसारण आणि शासनाचे कर्तव्य

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. परंतु तहान लागण्याच्या थोडेच आधी भरली विहीर बुजवून टाकणाऱ्यास काय म्हणावे, हे त्यांनी सांगून ठेवलेले नाही. असे कोणी करील, हे बहुधा त्यांच्या स्वप्नातही आले नसावे. बालशिक्षणाच्या क्षेत्रात मात्र ही गोष्ट आमच्या डोळ्यांदेखत घडली. तिच्यापासून घ्यावयाचा बोध एका राज्यापुरता नाही, म्हणून वार्षिकाच्या वाचकांपुढे तो मांडावा, असे आम्हांस वाटते.

पुण्याच्या 'बालचित्रवाणी' या संस्थेविषयी आम्ही बोलत आहोत. विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी पुष्कळांस हे नाव ठाऊक नसेल. महाराष्ट्रात बालपण गेलेल्या एखाद्या मामाला किंवा मावशीला विचारा. नाव उच्चारताच त्यांची मुद्रा कशी खुलते, ते पाहा. या संस्थेचा जन्म एका मोठ्या प्रयोगातून झाला. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या एका वर्षात, अमेरिकेने उसन्या दिलेल्या उपग्रहाच्या साहाय्याने, आपल्या देशाने सहा राज्यांतील सुमारे 2400 खेड्यांपर्यंत दूरचित्रवाणी पोहोचविली. सकाळची वेळ शाळकरी मुलांसाठी राखलेली होती. वर्ष संपले आणि उसना उपग्रह परत गेला; परंतु खेड्यातील मूलही पडद्यावरून शिकू शकते, हा विश्वास मागे राहिला. 1983 मध्ये आपला 'इन्सॅट 1-बी' हा उपग्रह आकाशात गेला, तेव्हा मुलांसाठी कार्यक्रम तयार करणाऱ्या संस्था सहा राज्यांत काढण्याचे ठरले. त्यांत महाराष्ट्र होता, तसा आमचा गुजरातही होता. जानेवारी 1984 मध्ये पुण्यास जी संस्था उभी राहिली, तीच बालचित्रवाणी.

पुढे तीन दशकांहून अधिक काळ या संस्थेने मराठी मुलांसाठी हजारो कार्यक्रम तयार केले. विज्ञान, भूगोल, गणित, भाषा असा कोणताही विषय तिने वर्ज्य मानला नाही. पण केंद्राचे अनुदान थांबले आणि संस्थेला उतरती कळा लागली. कर्मचाऱ्यांचे वेतन रखडले, आणि अखेर 2017 मध्ये संस्था बंद झाली. त्यानंतर तीनच वर्षांनी, 2020 च्या मार्चमध्ये, करोनाच्या साथीमुळे देशातील यच्चयावत शाळांची दारे लागली. घरोघरी मुले पडद्यासमोर बसली आणि पडद्यावरून शिकविणाऱ्यांचा शोध सुरू झाला. ज्यांनी तीस वर्षे नेमके हेच केले होते, त्यांना आपण आधीच निरोप देऊन बसलो होतो!

त्या संकटात शासन स्वस्थ बसले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. 2020 च्या मे महिन्यात केंद्र शासनाने 'पीएम ई-विद्या' ही योजना घोषित करून प्रत्येक इयत्तेस एक वाहिनी देण्याचे ठरविले. 2022 च्या अर्थसंकल्पात अशा वाहिन्यांची संख्या 12 वरून 200 वर नेण्याचा संकल्प जाहीर झाला. एका शिक्षणसंस्थेने सिद्ध केलेली 'टिलीमिली' ही मराठी मालिकाही 2020 मध्ये घरोघर पोहोचली. पण ती पोहोचली सह्याद्री वाहिनीवरून, म्हणजे शासनाने उभारलेल्या मार्गावरूनच. तात्पर्य, संकटसमयी मार्ग होता, इच्छाही होती. नव्हती ती वर्षानुवर्षे घोटून सिद्ध झालेली माणसे. वाहिनी एका आदेशाने सुरू करता येते. परंतु अपूर्णांक दहा वर्षांच्या मुलाला चित्रांतून कसे समजवावेत, हे जाणणारा माणूस एका आदेशाने निर्माण होत नाही.

यावर काही आक्षेप घेतले जातात, त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा की, खाजगी कंपन्या आता हे काम करीतच आहेत, मग शासनाने खर्च कशाला करावा? त्यास आमचे उत्तर आमच्या स्थितीतच आहे. बडोद्यातील मराठी माध्यमाचे विद्यार्थी संख्येने किती? व्यापाऱ्याच्या हिशेबात ते गिऱ्हाईक म्हणून जमेस धरण्याइतकेही नाहीत. आमची पाठ्यपुस्तके मराठीत असली, तरी अभ्यासक्रम गुजरातचा. त्यामुळे पुण्या-मुंबईसाठी केलेला पाठही आम्हांस नेमका जुळतोच असे नाही. अशा मुठभर मुलांसाठी जो पाठ तयार होईल, तो नफ्यासाठी होणार नाही. तो कर्तव्य म्हणूनच होईल. आणि ते कर्तव्य कोणाचे, हे राज्यघटनेत नमूद आहे. 1956 साली घटनेत आलेला अनुच्छेद 350-अ भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयी करण्याचे दायित्व प्रत्येक राज्यावर सोपवितो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ज्याचा पैसा त्याचा आवाज. शासनाच्या पैशावर चालणारे प्रसारण शासनाचे गोडवे गाईल, ही भीती निराधार नाही. परंतु म्हणून पैसाच बंद करावा, हा त्यावरील उपाय नव्हे. आकाशवाणी व दूरदर्शन यांना स्वायत्तता मिळावी म्हणून 1990 मध्ये प्रसार भारती कायदा झाला, तो अमलात येण्यास 1997 साल उजाडले. त्या स्वायत्ततेविषयी मतभेद असतील. पण तत्त्व बरोबर आहे. द्रव्य शासनाने द्यावे आणि पाठ शिक्षकांनी ठरवावा. शाळांना अनुदान मिळते, म्हणून वर्गात काय बोलावे हे कोषागारातून कोणी सांगत नाही. तोच संकेत येथेही पाळता येईल.

आमच्या नगरीला तरी हा विचार नवा वाटू नये. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून गावोगाव ग्रंथालयांचे जाळे विणले. जेथे ग्रंथालय नव्हते, तेथे पेट्यांतून पुस्तके जात. त्या पेटीचा खर्च कोणी नफ्यातोट्यात मोजला नाही. पुस्तकाच्या पेटीस जो न्याय, तोच आकाशातून येणाऱ्या पाठास लावावा, एवढेच आमचे म्हणणे.

म्हणून आम्हांस तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. शैक्षणिक प्रसारणाचा निधी दरसालच्या मर्जीवर न ठेवता काही वर्षांसाठी एकदम बांधून द्यावा. जुन्या संस्थांनी केलेले कार्यक्रम जतन करून सर्वांस विनामूल्य खुले करावेत. आणि उपग्रहाला राज्याची सीमा ठाऊक नसल्यामुळे, एका राज्याने केलेले पाठ दुसऱ्या राज्यातील त्याच भाषेच्या मुलांना उपयोगी पडतील, असा करार राज्यांनी आपसात करावा. बेळगाव, इंदूर, हैदराबाद येथील मराठी मुलांनाही त्याचा लाभ होईल.

आमच्याकडेही काही कर्तव्य उरतेच. 1956 मध्ये पुणे आकाशवाणीने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे खेड्यांत शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम केले, तेव्हा गावकरी रेडिओभोवती एकत्र बसत, ऐकलेल्यावर चर्चा करीत आणि पटेल ते शेतात करून पाहत. त्या प्रयोगाचे यश यंत्राइतकेच त्या बैठकीचे होते. ज्या पाठाला श्रोता नाही, त्याचे अनुदान कोणतेही शासन फार काळ चालू ठेवणार नाही. तेव्हा पालकहो, आठवड्यातून एक सायंकाळ तरी मुलांसमवेत बसून असा एखादा पाठ पाहा, त्यावर बोला, आणि जो पाठ हवा असून मिळत नाही, त्याची मागणी संबंधित अधिकाऱ्यांस पत्राने कळवा. पुढली विहीर कोरडी पडण्यापूर्वी तिच्यावर पाणी भरणाऱ्यांची रांग दिसली पाहिजे.