शिकारीचं चित्र आणि माझ्या पैठण्या



मागच्या वर्षी लेकीची दहावीची परीक्षा संपली आणि तिने तिच्या खोलीचा विषय काढला. चिंचवडच्या आमच्या फ्लॅटमधली दहा बाय अकराची खोली. तिला ती 'प्रेपी' हवी होती. मोबाईलवर फोटो दाखवले: गडद निळ्या भिंती, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे पडदे, चौकड्यांची चादर, पितळी दिवा, कातडी खुर्ची, आणि भिंतीवर घोड्यावर बसून, कुत्री घेऊन कोल्ह्यामागे धावणारे साहेब.

अमेरिकेत मोठ्या कॉलेजांसाठी मुलांची तयारी करून घेणाऱ्या खासगी शाळांना 'प्रेप स्कूल' म्हणतात. तिथल्या श्रीमंत मुलांच्या राहणीवरून हा शब्द आला. 1980 मध्ये या राहणीची थट्टा करणारं एक पुस्तक तिकडे खूप खपलं, आणि गंमत म्हणजे लोकांनी त्यातूनच तो थाट उचलला.

माझं पहिलं उत्तर होतं, "हे साहेबी थेर आपल्या घरात नकोत." पण विचार केला तर माझंच म्हणणं टिकेना. या थाटातले प्रसिद्ध चौकडे मद्रासचे, नावही मद्रासच. 'सीअरसकर' हे पट्ट्यांचं कापड, त्याचं नाव आलंय फारसी 'शीर-ओ-शकर'वरून, म्हणजे दूध-साखर. खाकी तर आपलीच. आणि माझं माहेर इचलकरंजी! 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग आणला. मागाच्या खडखडाटात आणि पट्ट्या-चौकड्यांच्या तागांवर लोळत मी लहानाची मोठी झाले. मग परकं काय म्हणायचं?

खरा प्रश्न पुढे आला. इंटिरियरवाल्याने कोटेशन दिलं. त्यात खुर्ची अस्सल लेदरची, उशा पिसांच्या, टेबलाला चपड्याचं पॉलिश आणि शिकारीच्या चित्रांचा चारचा सेट. "मॅडम, हा लुक असाच येतो," तो म्हणाला.

चित्रावर मी लगेच फुली मारली. लेक म्हणाली, "आई, ते फक्त चित्र आहे. आपण कुठे कोणाला मारतोय?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न आपल्याही मनात येतो, म्हणून थोडं थांबते. सप्त व्यसनांत शिकार आहे, हे आपण पाठशाळेत शिकलो. पण अमृतचंद्र आचार्यांनी 'पुरुषार्थसिद्ध्युपाय'मध्ये अनर्थदंड सांगताना शिकारीचं नुसतं चिंतनही करू नये असं सांगितलंय. हात न लावता, काही मिळत नसता, फुकट बांधलेलं पाप ते. रोज सकाळी डोळे उघडल्यावर समोर जीव वाचवायला धावणारा प्राणी दिसणार, आणि आपण त्याला सजावट म्हणणार? माझ्या मते हे 'फक्त चित्र' नसतं.

कातड्याचा निकाल आमच्या ह्यांनी लावला. ते चाकणला गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या कारखान्यात आहेत. त्यांनी सांगितलं, उलटी बाजू किंवा कापलेली कड बघायची. रेक्झिनच्या पाठीला विणलेलं कापड असतं, कातड्याच्या पाठीला तंतूंची लव. पण 'बॉन्डेड लेदर' फसवं. त्यात कातड्याचा चुरा असतो आणि पाठीला कापडही असतं. म्हणून दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यायचं.

चपड्याचं मात्र मलाही नवीन होतं. सुतारकाकांनी सांगितलं, चपडा म्हणजे लाख. लाखेच्या किड्यांनी फांदीवर केलेला थर खरवडून काढतात, त्यात किडेही जातात. आम्ही मेलामाइन पॉलिश करून घेतलं.

मी अगदी खुशीत होते. घराचा धर्म राखला म्हणून. तेवढ्यात लेक शांतपणे म्हणाली, "आणि आई, तुझ्या पैठण्या?"

मला उत्तर सुचलं नाही. कपाटात तीन पैठण्या, दोन कांजीवरम. एकेका साडीसाठी हजारो कोश उकळत्या पाण्यात टाकलेले, आणि ते नेसून मी मंदिरात पूजेला उभी राहते. मुलीच्या भिंतीवरचा एक कोल्हा मला दिसला, माझ्या अंगावरचे हजारो जीव दिसले नव्हते.

त्या साड्या मी टाकल्या नाहीत. टाकून काही ते जीव परत येणार नव्हते. पण भाद्रपदात दशलक्षणात नवीन रेशीम न घेण्याचा आणि पूजेला रेशीम न नेसण्याचा नियम घेतला. पुढे भाचीच्या लग्नात सुती साडी नेसले. सासूबाई दिवसभर गप्प होत्या. दोघीतिघींनी हळूच विचारलं, "सगळं बरं चाललंय ना गं?" लागलं मनाला. खोटं कशाला सांगू?

खोली मात्र छान झाली. पडद्यांचं आणि चादरीचं सुती कापड पिंपरी कॅम्पातून आणलं, उशांत कापूस भरला. सासऱ्यांचं जुनं सागवानी टेबल घासून घेतलं. प्रेपी घरांत म्हणे आजोबांच्या वापरून झिजलेल्या वस्तूच मानाच्या. ही गोष्ट आपल्या परिग्रह-परिमाणाला किती जवळची! मोनोग्रामचा हट्ट होता, प्रत्येक वस्तूवर आपल्या नावाचं अक्षर. मी म्हटलं, 'माझं, माझं' म्हणणं सुटावं म्हणून तर आपण धडपडतो. शेवटी एका उशीवर तडजोड झाली. शिकारीच्या जागी तिने स्वतः काढलेलं कमळाचं चित्र आहे.

माझं मत एवढंच. मुलींच्या आवडीला सरसकट 'आपल्यात चालत नाही' म्हणू नये. रंग, पट्ट्या, चौकडे यांना कुठलाच धर्म नसतो. प्रत्येक वस्तू कुठून आली, कशाची झाली, एवढं तिच्यासोबत बसून विचारावं. आणि तो प्रश्न आपल्या कपाटापर्यंत आला तर दार लावून घेऊ नये. मुली आपलं बोलणं ऐकत नाहीत असं आपण म्हणतो, पण आपलं कपाट त्या नीट बघत असतात.

तुमच्या घरी असा प्रसंग आला असेल तर जरूर कळवा.

जय जिनेंद्र.