शुगर मोजतो, पण डोळ्याचा पडदा कोण बघणार?

यवतमाळ, पुसद, दिग्रस, उमरखेड, वणी. कुठल्याही मोहल्ल्यात जा, घरात किंवा नात्यात शुगरचा पेशंट नाही असे कुटुंब शोधावे लागते. आपण शिबिरे घेतो. एका शिबिरात बोटातून रक्त काढून आकडा सांगितला जातो, दुसऱ्यात मोतीबिंदूवाले वेगळे काढले जातात. शुगरमुळे खराब होणारा डोळ्याचा पडदा, म्हणजे रेटिना, या दोन्ही शिबिरांच्या मधून निसटतो. तो निसटू न देणे हे आपल्या पिढीचे काम आहे, असे माझे मत आहे.

आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. २०२२ च्या आणखी एका मोठ्या पाहणीत चाळिशीपुढच्या दर आठ मधुमेहींपैकी साधारण एकाच्या पडद्यावर परिणाम झालेला दिसला. वर्षानुवर्षे वाढलेल्या शुगरने पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या कमजोर होतात, झिरपतात आणि मधला भाग सुजतो. पुढे काही वाहिन्या बंद पडतात, त्यांच्या जागी नाजूक नव्या वाहिन्या उगवतात आणि एक दिवस त्या फुटतात. या सगळ्यात दुखत काहीच नाही. बरीच वर्षे नजरही साफ असते. म्हणून अब्बा म्हणतात, ‘मला तर पेपर वाचता येतो.’ आणि धूसर दिसू लागले की सगळे म्हणतात, ‘मोतीबिंदू असेल, पिकला की काढू.’ तोवर वेळ गेलेली असते.

उपचार आहेत. लेझर आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत झालेल्या चाचणीतच लेझरमुळे दृष्टी गंभीरपणे जाण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे सिद्ध झाले. सूज असेल तर डोळ्यात इंजेक्शन देतात. बेव्हासिझुमॅब हे मूळचे कॅन्सरचे औषध त्यासाठी वापरले जाते आणि ते इतर इंजेक्शनांपेक्षा बरेच स्वस्त पडते. रक्तस्राव झाला किंवा पडदा ओढला गेला तर शस्त्रक्रिया आहे.

अडचण टिकून राहण्याची आहे. इंजेक्शन सुरुवातीला साधारण दर महिन्याला, काही महिने घ्यावे लागते. माझ्या मामूंनी दोन घेतली आणि सोडून दिली. कारण एकच: ‘फरक पडला नाही.’ मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. सर्व्हर बंद पडला नाही म्हणून तो सांभाळणाऱ्याचे कौतुक कोणी करत नाही, पण बंद न पडणे हेच त्याचे काम असते. लेझरचेही तसेच आहे. तो गेलेली नजर परत आणायला नसतो, उरलेली वाचवायला असतो. इंजेक्शनने काहींना आधीपेक्षा चांगले दिसते, पण नजर आहे तिथेच टिकली तरी ते यश आहे. ही गोष्ट पेशंटला पहिल्याच दिवशी, त्याच्या भाषेत कोणीतरी सांगायला हवी.

दुसरी अडचण अंतराची. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटर. बाहुली मोठी करणारे थेंब टाकल्यावर काही तास धूसर दिसते, म्हणून सोबत माणूस लागतो. म्हणजे दोघांची मजुरी बुडते. एसटीत ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास आणि महिलांना अर्धे तिकीट आहे, पण बुडालेला रोज त्यातून भरून निघत नाही.

तिसरी अडचण आपल्या घरातली. डोळ्यात औषध टाकल्याने रोजा तुटतो, असे समजून काही वडीलधारे रमजानभर थेंब बंद ठेवतात. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९७ च्या जेद्दा अधिवेशनात डोळ्यांचे थेंब आणि पोषण न देणारी इंजेक्शने रोजा तोडणाऱ्या गोष्टींत धरलेली नाहीत. आजाऱ्याला सवलत तर कुरआननेच दिली आहे. शुगरवाल्याने रोजे ठेवायचे की नाही, गोळ्या आणि इन्सुलिन कसे बदलायचे, हे रमजानच्या आधीच डॉक्टरांशी बोलून ठरवावे. आणखी एक. शस्त्रक्रियेत डोळ्यात गॅस भरला असेल तर डॉक्टर परवानगी देईपर्यंत विमानात बसायचे नाही, उमऱ्याचे तिकीट काढलेले असले तरी.

हे बदलता येते. इंग्लंडने २००३ पासून मधुमेहींच्या पडद्याचे नियमित फोटो काढायला सुरुवात केली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की, इंग्लंड-वेल्समध्ये कामाच्या वयातील अंधत्वाचे पहिले कारण आता हा आजार राहिलेला नाही. अशा फोटोंवरून आजार ओळखणारा संगणकीय प्रोग्रॅम गुगलने २०१६ मध्ये मांडला, त्यात मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचा सहभाग होता. म्हणजे तंत्र आपल्याच देशातल्या पेशंटच्या डोळ्यांवर तपासले गेले आहे. मग तालुक्याच्या रुग्णालयात पडद्याचा कॅमेरा का नसावा? हे निवेदन आपणच द्यायला हवे, आणि ते सगळ्या समाजांच्या पेशंटसाठी द्यायला हवे.

तोवर हातातले काम करू. घरातल्या शुगरवाल्यांची यादी करा. शुगर निघाली त्याच वर्षी आणि नंतर दरवर्षी पडद्याची तपासणी, हा नियम टाइप २ साठी आहे. तारीख तुमच्या मोबाइलमध्ये टाका, त्यांच्या नव्हे. शुगरसोबत बीपीही सांभाळा. डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके किंवा पडदा आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पुढच्या शिबिरात रेटिना तपासणारा डॉक्टर बोलवा, आणि ज्यांना पुढे पाठवले जाईल त्या प्रत्येकासोबत एका तरुणाचे नाव लिहा. सोबतीला कोणी नाही म्हणून आपल्या मोहल्ल्यातला एकही पेशंट घरी बसून राहू नये.