मापाडी कोणाच्या पगारावर?



लासलगाव असो की पिंपळगाव बसवंत, कांद्याची ट्रॉली घेऊन बाजारात गेलेला शेतकरी भावाच्या आधी काटा पाहतो. काटा बरोबर आहे का, आणि काट्याशी उभा असलेला मापाडी कोणाचा, हे दोन प्रश्न बापाने पोराला शिकवलेले असतात. मात्र मतांचे माप जिथे होते तिथे आपण काटा पाहत नाही. उमेदवार कोण, जात कोणती, पैसे कोणी किती वाटले, याची चर्चा पारावर रात्री बारापर्यंत चालते. निवडणूक घेणारा अधिकारी कोणी नेमला, त्याला कोणी शिकवले आणि त्याची बदली कोणाच्या हातात आहे, याची चर्चा होत नाही. या वेळच्या जिल्हा बैठकीत ती व्हावी म्हणून हे लिहितो आहोत.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घेऊ. देवळा तालुक्यातले उमराणे हे कांद्याच्या मोठ्या बाजाराचे गाव. १५ जानेवारी २०२१ ला राज्यातल्या १४,२३४ ग्रामपंचायतींचे मतदान होते, त्यात उमराणेही होते. त्याआधीच सरपंचपदाचा लिलाव झाला आणि बोली गेली २ कोटी ५ लाखांवर. पैसा मंदिराच्या बांधकामासाठी, असे सांगितले गेले. नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीत असाच लिलाव ४२ लाखांवर थांबला. लिलावाच्या ध्वनिचित्रफिती फिरल्या, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, आणि राज्य निवडणूक आयुक्त यू. पी. एस. मदान यांनी मतदानाच्या तोंडावर दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली. निर्णय बरोबर होता, आणि बरोबर त्याला बरोबर म्हणण्यात आम्हाला कमीपणा वाटत नाही.

परंतु हा लिलाव काही चोरून झाला नव्हता. चार भिंतींआड दोन कोटींची बोली लागत नाही. गावात तलाठी असतो, ग्रामसेवक असतो, पोलीस पाटील असतो. तालुक्याला तहसीलदार असतो आणि निवडणुकीच्या काळात तोच आयोगाचे डोळे नि कान असतो. मग कागदावरची यंत्रणा हलायला आधी ध्वनिचित्रफीत का फिरावी लागते? आणि ज्या शेकडो गावांत चित्रफीत निघत नाही, तिथे काय होते? त्याच मोसमात अनेक आमदारांनी ‘गाव बिनविरोध करा, लाखांचा निधी देतो’ असे जाहीर केले होते. उमराण्यात बोली गावातल्यांनी लावली, इथे आमदारांनी सरकारी निधीची लावली. पहिल्याला लिलाव म्हणतात, दुसऱ्याला विकास.

कोणी म्हणेल, गावच्या सरपंचकीचे एवढे काय घेऊन बसलात? तर हिशोब मांडून पाहा. बाजार समितीच्या १८ संचालकांपैकी ४ ग्रामपंचायत सदस्यांच्या मतांवर निवडून येतात, ११ विकास सोसायट्यांच्या संचालकांच्या मतांवर. ज्याने ग्रामपंचायत घेतली त्याने बाजार समितीची मतेही घेतली. ज्याची बाजार समिती, त्याच्या हातात तुमच्या कांद्याचा लिलाव. २ कोटी ५ लाख देवाच्या नावाने गेले असतील, पण असला पैसा वसूल व्हायचा तो शेतमालातूनच होतो.

आता वरून सुरुवात करू. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर १९९४ साली महाराष्ट्रात राज्य निवडणूक आयोग आला. घटनेच्या कलम २४३ के प्रमाणे आयुक्ताला राज्यपाल नेमतात, आणि त्याला काढायचे तर उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढण्याइतकेच अवघड. म्हणजे बाहेर जाण्याचा दरवाजा घटनेने बंद केला. आत येण्याचा दरवाजा मात्र मंत्रालयात उघडतो. सरकार नाव सुचवते, राज्यपाल सही करतात. विरोधी पक्षनेत्याला कोणी विचारत नाही, अर्ज मागवत नाहीत, निकष जाहीर नाहीत. नंदलाल, नीला सत्यनारायण, जे. एस. सहारिया, मदान, आणि जानेवारी २०२५ मध्ये आलेले दिनेश वाघमारे, सगळे सनदी सेवेतले. सहारिया आणि मदान तर राज्याचे मुख्य सचिव होते. या माणसांच्या प्रामाणिकपणावर आम्ही शंका घेत नाही. शंका पद्धतीवर आहे. तीस-पस्तीस वर्षे ज्या सरकारचे हुकूम पाळले, निवृत्तीनंतरची खुर्चीही ज्या सरकारने दिली, त्याच सरकारच्या पक्षाला उद्या ‘नाही’ म्हणायचे असते. काही जण म्हणतातही. पण जो न्याय अधिकाऱ्याच्या स्वभावावर अवलंबून आहे, त्याला शेतकऱ्याने पावसाइतकेच बेभरवशाचे समजावे.

आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याचे काय होते? नंदलाल आयुक्त असताना आयोगाच्या अधिकारांवरून त्यांचे विधिमंडळाशी बिनसले. विशेषाधिकाराचे प्रकरण झाले आणि मार्च २००८ मध्ये विधानसभेने राज्याच्या निवडणूक आयुक्ताला दोन दिवसांची कैद सुनावली. आंध्र प्रदेशात एन. रमेश कुमार यांनी मार्च २०२० मध्ये करोनामुळे स्थानिक निवडणुका पुढे ढकलल्या. सरकारला ते रुचले नाही. एप्रिलमध्ये अध्यादेश काढून आयुक्ताची मुदतच पाचाची तीन वर्षे केली आणि त्यांना घरी पाठवले. मे महिन्यात उच्च न्यायालयाने तो अध्यादेश रद्द केला, पण खुर्चीवर परत बसायला त्यांना आणखी दोन महिने झगडावे लागले. गोव्याने तर लाजच सोडली. तिथे सरकारच्या विधी सचिवाकडेच निवडणूक आयुक्तपदाचा जादा कार्यभार देऊन टाकला, म्हणजे फिर्यादी आणि पंच एकच. मडगाव, म्हापसा, मुरगाव या नगरपालिकांच्या आरक्षणाचा घोळ सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १२ मार्च २०२१ ला न्यायालयाने ठणकावले की सरकारी सेवेतला माणूस राज्य निवडणूक आयुक्त असू शकत नाही, सर्व राज्यांनी स्वतंत्र व्यक्तीच नेमावी.

महाराष्ट्राने हा निकाल अक्षरशः पाळला. सेवेतला नेमला नाही, निवृत्त नेमला. मदान यांची मुदत सप्टेंबर २०२४ मध्ये संपल्यावर ती खुर्ची जानेवारी २०२५ पर्यंत रिकामीच ठेवली. मोसमाच्या तोंडावर सालदार सोडून गेला तर शेतकऱ्याची झोप उडते. इथे चार महिने कोणाची उडाली नाही, कारण निवडणुका घ्यायच्याच नव्हत्या.

हे आम्ही रागाने लिहीत नाही, तारखा पाहा. मार्च २०२२ मध्ये नाशिक महानगरपालिकेची आणि नाशिक जिल्हा परिषदेची मुदत संपली. त्याच महिन्यात विधिमंडळाने कायदा करून प्रभाग नि गट-गण पाडण्याचे अधिकार आयोगाकडून काढून सरकारकडे घेतले. एरवी एकमेकांचे गळे धरणारे सगळे पक्ष त्या दिवशी एकमुखाने बोलले. निमित्त इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचे होते. ते आरक्षण मिळायलाच हवे होते, पण त्यासाठी लागणारी माहिती वेळेत गोळा करणे हे सरकारचे काम होते, आणि ते झाले नाही म्हणून न्यायालयात आरक्षण अडकले. पुढे सरकार बदलले, मुख्यमंत्री बदलले, कायदा बदलला नाही. बांध कोणी घालायचा हे ज्याच्या हातात गेले, तो पुन्हा सोडत नाही. तीन वर्षांहून अधिक काळ जिल्हा परिषदेत प्रशासक बसला. अखेर ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की चार महिन्यांत निवडणुका उरका. त्या मुदतीतही त्या उरकल्या नाहीत, पुन्हा वाढवून घ्यावी लागली. या काळात पाझर तलाव, शाळाखोल्या, शिवाररस्ते यांचा निर्णय तुम्ही निवडलेल्या कोणीही घेतला नाही.

आयोगाची आणखी एक अडचण आहे. त्याच्याकडे स्वतःचे बैल नाहीत, सगळी सारी उसनवारी. जिल्ह्यात त्याचा माणूस म्हणजे जिल्हाधिकारी, तालुक्यात तहसीलदार, केंद्रावर शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक. मतदार यादीसुद्धा स्वतःची नाही, भारत निवडणूक आयोगाच्या विधानसभा यादीचे तुकडे करून ती बनते. २०२५ मध्ये दुबार नावांवरून ओरड झाली तेव्हा राज्य आयोगाने सांगितले की नाव कमी करणे आमच्या हातात नाही. मग संशयित दुबार नावांपुढे दोन तारे काढले. उसन्या बैलजोडीने पेरणी होते, पण वापसा मालकाच्या सवडीने पाहावा लागतो. रास्ता रोकोच्या दिवशी जमावबंदी लावणारे जिल्हाधिकारी निवडणुकीच्या दिवशी निष्पक्ष पंच असतात, आणि त्यांची पुढची बदली दोन्ही दिवशी मंत्रालयातच ठरते.

प्रशिक्षणाचे आम्ही थोडक्यात सांगतो, कारण ते असतेच थोडक्यात. दोन-तीन बैठका, यंत्र जोडायचे कसे, लिफाफे सील करायचे कसे, कोणता नमुना कुठे भरायचा. हे सगळे लागते. पण शाळेच्या संस्थेचा अध्यक्षच उमेदवार असेल आणि केंद्रावर त्याच संस्थेचा शिक्षक असेल, तर त्या शिक्षकाने मान वर कशी करायची, हे कोणत्या बैठकीत शिकवतात? कर्मचाऱ्यांची सरमिसळ करतात हे खरे, पण ग्रामपंचायतीला बहुतेक माणसे तालुक्यातलीच असतात, आणि तालुक्यात कारखाना, पतसंस्था, शिक्षणसंस्था, दूध संघ यांची दोरी दोन-चार घरांतच असते. बाहेरच्या संस्थांचा दबाव म्हणतात तो असा असतो. तो हुकमाने येत नाही, पोराच्या नोकरीतून आणि बायकोच्या बदलीतून येतो.

अमेरिकेत २०२० मध्ये हाच प्रश्न दुसऱ्या रूपाने आला. करोनाच्या काळात स्थानिक निवडणूक कचेऱ्यांना पैसा कमी पडला, तेव्हा फेसबुकच्या झुकरबर्ग दांपत्याने सुमारे ३५ कोटी डॉलर एका खासगी संस्थेमार्फत दिले. प्रशिक्षण, यंत्रसामग्री, माणसे यांवर ते खर्च झाले. नंतर वीसहून अधिक राज्यांनी असा खासगी पैसा घेण्यावर बंदी वा बंधने घातली. पैशाने निकाल फिरला असे कोणी सिद्ध केले नाही. तरीही काट्याची दुरुस्ती व्यापाऱ्याच्या पैशाने नको, एवढे तिथल्या लोकांना कळले.

सहकारातली स्थिती तर विचारूच नका. ९७ व्या घटनादुरुस्तीनंतर राज्यात सहकारी निवडणूक प्राधिकरण आले, संस्थाचालकांच्या हातातून निवडणूक काढली म्हणून आम्हीही स्वागत केले. पण जिल्ह्यात त्याचा अधिकारी कोण? जिल्हा उपनिबंधक, सहकार खात्याचाच नोकर. सोसायटीची प्राथमिक मतदार यादी तयार करणार सोसायटीच. आणि पुढे ढकलण्याचा अधिकार सरकारकडे. २०२० च्या सुरुवातीला कर्जमुक्तीच्या कामाचे कारण, मग करोना, २०२२ ला पाऊस, २०२३ ला पुन्हा पाऊस. कोकणात पाऊस पडतो म्हणून येवल्याच्या सोसायटीची निवडणूक थांबते!

बाजार समितीचा मताधिकारही असाच खेळवला. २०१७ मध्ये १० गुंठे जमीन असलेल्या, बाजारात माल विकणाऱ्या शेतकऱ्याला मत मिळाले. २०२० मध्ये नव्या सरकारने ते काढले. २०२३ च्या निवडणुकीत शेतकऱ्याला उमेदवार होता आले, मत देता आले नाही. स्वतःला मत न देऊ शकणारा उमेदवार दुसऱ्या कोणत्या देशात आढळतो ते कोणाला ठाऊक असल्यास कळवावे.

दिल्लीत निवडणूक आयुक्त निवडायला निदान एक समिती आहे. २०२३ च्या कायद्याने त्यातून सरन्यायाधीशांना वगळून मंत्री बसवला, ते वाईटच. पण विरोधी पक्षनेता अजून तिथे बसतो. महाराष्ट्रात तेवढेही नाही. म्हणून बैठकीपुढे आमचे म्हणणे असे: आयुक्ताची निवड मुख्यमंत्री, विरोधी पक्षनेता आणि मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती यांच्या समितीने करावी, निवृत्तीनंतर दोन वर्षे लोटल्याखेरीज सचिवाला ते पद नको, आणि प्रभाग व गट-गण पाडण्याचा अधिकार आयोगाला परत मिळावा. शेतमाल विकणाऱ्या प्रत्येकाला बाजार समितीत मत हवे, ही मागणी जुनीच आहे.

कायदा बदलेपर्यंत हातात आहे ते करू. प्रारूप यादी लागली की प्रत्येक गावच्या शाखेने ती चावडीवर मोठ्याने वाचावी, मेलेली नि दुबार नावे लिहून मुदतीत लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. सोसायटीच्या यादीचेही तेच. बिनविरोधसाठी कोणी निधी जाहीर केला वा बोली लावली, तर तारीख-वार लिहून तहसीलदार आणि आयोग दोघांना कळवावे. हरकतींच्या पोचपावत्यांच्या प्रती पुढच्या जिल्हा बैठकीला घेऊन याव्यात.