बटणे दोन, गाव एकच

20 नोव्हेंबर 2024 रोजी नांदेडच्या मतदाराने एकाच केंद्रात दोन बटणे दाबली. एक विधानसभेसाठी, दुसरे खासदार वसंतराव चव्हाण यांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या लोकसभेच्या जागेसाठी. निकाल लागला तेव्हा मतदारसंघातल्या सहाही विधानसभा जागा महायुतीकडे गेल्या होत्या आणि लोकसभेला काँग्रेसचे रवींद्र चव्हाण 1,457 मतांनी निवडून आले होते. हजारो माणसांनी एकाच दिवशी दोन पक्षांना मत दिले आणि संध्याकाळी ती निवांत घरी गेली. मतदार इतका मोकळा असताना गावातली बोलणी का तुटावीत?

फेब्रुवारी 2024 मध्ये अशोक चव्हाण काँग्रेस सोडून भाजपमध्ये गेले आणि नांदेडच्या गावोगावी कार्यकर्त्यांना रातोरात बाजू ठरवावी लागली. पक्ष बदलण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण व्यासपीठावर काल ज्यांची उणीदुणी काढली, त्यांच्याच शेजारी नेता आज बसतो. त्याच्यासाठी मोबाइलवर भांडलेले दोन शेजारी मात्र पारावर समोरासमोर आले तरी मान वळवतात. नेत्यांचे मिटते, गावाचे मिटत नाही. हे नुकसान कोणत्याच निकालपत्रात दिसत नाही.

लातुरात महापालिकेच्या प्रचारात भाजपच्या प्रदेशाध्यक्षांनी विलासराव देशमुखांच्या आठवणी पुसण्याची भाषा केली. लातूरकरांना ती लागली आणि पुढे प्रदेशाध्यक्षांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. या मातीची रीत वेगळी आहे. काँग्रेसचे विलासराव आणि भाजपचे गोपीनाथ मुंडे यांनी सभागृहात आणि सभांत एकमेकांना सोडले नाही, पण त्यांची मैत्री उभ्या महाराष्ट्राने पाहिली. लातूरचेच शिवराज पाटील चाकूरकर लोकसभेचे अध्यक्ष असताना 1993 मध्ये संसदेच्या 17 विभागीय स्थायी समित्या सुरू झाल्या. सर्व पक्षांचे खासदार तिथे एका टेबलाभोवती बसून खात्यांचा हिशेब तपासतात. विरोधकाशी बोलण्यासाठी चांगुलपणाबरोबर बसायची जागाही लागते, हे त्यातून शिकावे.

यावर एक रास्त शंका घेतली जाते. नेत्यांची मैत्री म्हणजे वरून भांडण आणि आतून ‘सेटिंग’, असे लोक म्हणतात. तशी उदाहरणे आहेत, म्हणूनच बोलणे उघड्यावर आणि प्रश्नाला धरून व्हायला हवे. माणसाचा मान राखावा, पण कामाचा जाब सोडू नये. बांधावरून कोर्टात गेलेली भावकीसुद्धा मयताला खांदा द्यायला एकत्र येते. म्हणून कोणी आपला दावा मागे घेत नाही.

आणि बोलायला विषय कमी आहेत का? एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. तेव्हा रांगेतल्या घागरीला कोणी पक्ष विचारला नव्हता. 2025-26 साठी सोयाबीनला 5,328 रुपये हमीभाव जाहीर झाला, तरी आडतीवर त्याहून कमी दराने माल घालावा लागला. तो माल कोणत्या एका पक्षाच्या शेतकऱ्याचा नव्हता.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. कायद्याने वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. त्या सह्यांपुरत्या न उरता भरवाव्यात. कोणतीही निवडणूक आली की सर्व उमेदवारांना एकाच पारावर बोलवावे, पाणी, पीकविमा आणि रस्ता एवढेच विचारावे, प्रत्येकाला सारखा वेळ द्यावा. जो आई-बहिणीवर, जातीवर किंवा मेलेल्या माणसावर घसरेल, त्याचा माइक गावाने बंद करावा. आणि ज्या शेजाऱ्याशी मागच्या निवडणुकीपासून बोलणे बंद आहे, त्याला आपणच आधी हाक मारावी. पुढची पेरणी आली की बांधाच्या पलीकडे तोच उभा असणार आहे.