कळसूने झाडू नाकारला, आपण कचरा टाकला

कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वात उंच शिखर. उंची १६४६ मीटर. अकोले तालुक्यातील बारी गावातून आम्ही पहाटे चढायला सुरुवात केली. आधी भातखाचरे, मग दम काढणारा उभा चढ, मग कातळाला ठोकलेल्या लोखंडी शिड्या. शेवटच्या शिडीवर आमच्यातल्या अर्ध्यांचे पाय लटपटत होते. माथ्यावर जयभीमचा घोष झाला, फोटो निघाले. पण लिहायचे आहे ते त्यानंतरचे.

देवळाच्या मागे बाटल्या आणि पाकिटांचा खच पडला होता. आमच्यापैकी एकाने आपली रिकामी बाटली त्यात भिरकावली. हटकले तर म्हणाला, "राहू दे रे, गावातली पोरं उचलतात." हे बोलणाऱ्याचे वडील आयुष्यभर सफाई कामगार होते. आम्ही सगळे गप्प झालो. बोललो नाही, कारण वाटेत आमच्याही हातून पाकिटे सुटली होती.

ज्या शिखरावर हे घडले, त्याची कथा काय आहे? कळसू ही कोळ्याची मुलगी. ती एका घरी कामाला राहिली ती अट घालून: बाकी सगळे करीन, झाडलोट आणि भांडी घासणे करणार नाही. एके दिवशी तेच काम तिच्यावर लादले गेले. ती घर सोडून डोंगरावर निघून गेली आणि तिथेच राहिली. लोक तिला देवी मानतात. आम्हाला त्यात आपल्या श्रमाची अट स्वतः ठरवणारी एक कामकरी मुलगी दिसते.

ही कथा आदिवासींची आहे, ती आपल्या नावावर करून घेण्याचा आमचा इरादा नाही. पण नकाराची भाषा आपल्याला अनोळखी नाही. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस आणि उष्टे-शिळे अन्न सोडा, असे बजावले होते. माणसाला हीन ठरवणारे काम आणि अन्न नाकारणे ही मुक्तीची पहिली पायरी, हे त्यांनी शिकवले. मग आपणच दुसऱ्याला ती पायरी उतरायला का लावतो?

कोणी म्हणेल, पर्यटनामुळे गावाला रोजगार मिळतो. मिळतो, आणि मिळायलाच हवा. वाटाड्याला ठरलेली मजुरी द्या, पिठलं-भाकरीचे पैसे घासाघीस न करता द्या. पण तुमची घाण उचलणे हे त्या पैशांत बसत नाही. पैसे दिले की घाण करण्याचा हक्क मिळतो, ही समजूत जातिव्यवस्थेनेच आपल्या डोक्यात भरली आहे. जातीने घाण करणारा आणि घाण काढणारा वेगळा केला. जात पाळणारा फक्त सवर्णच असतो, हा भ्रम त्या दिवशी आमच्यापुरता तरी गळून पडला.

उतरण्याआधी त्याच मित्राने पिशवी काढली. आम्ही दोन पिशव्या भरून खाली आणल्या. मोठा पराक्रम केला नाही, देणे होते त्यातले थोडे फेडले.

पुढच्या वेळी शिखर 'सर' केल्याचा फोटो टाकण्याआधी एवढे तपासा: तुमच्या मागे झाडू कोणाच्या हातात आहे?

जयभीम.