'हे माझे वडील' इंग्रजीत कसे सांगाल?



वस्तीतील अभ्यासवर्गात चौथीतल्या एका मुलाला वडिलांची ओळख इंग्रजीत करून द्यायला सांगितले. तो ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "दीज आर माय फादर." मोठी मुले हसली. पोरगा खाली बसला तो पुन्हा उठेना. त्याची चूक अज्ञानातून झाली नव्हती, ती आदरातून झाली होती. मराठीत आपण 'हा माझा वडील' म्हणत नाही, 'हे माझे वडील' म्हणतो. 'हे' अनेकवचनी, म्हणून त्याने 'दीज' घेतले. त्याचा हिशेब बरोबर होता, पण इंग्रजीचा हिशेब वेगळा आहे.

बोट दाखवायला इंग्रजीत चारच शब्द आहेत. जवळचे एक असेल तर 'दिस', जवळचे अनेक असतील तर 'दीज'. लांबचे एक असेल तर 'दॅट', लांबचे अनेक असतील तर 'दोज'. 'दिस' आखूड बोलावा. 'दीज' लांबवावा आणि त्याचा शेवट 'मोजमाप'मधल्या 'ज'सारखा करावा.

मराठीत हा, ही, हे असे लिंग पाहावे लागते. इंग्रजीत ते पाहावे लागत नाही. मुलगा असो, मुलगी असो की मडके, एकाला 'दिस'च. तसाच आदरही या शब्दांत नसतो. कचेरीत आपण 'हा शिपाई' आणि 'हे साहेब' म्हणतो. इंग्रजीत 'दिस इज अवर प्यून' आणि 'दिस इज अवर ऑफिसर'. दोघांनाही शब्द एकच! म्हणून वडिलांना 'दिस' म्हटल्याने त्यांचा मान कमी होत नाही. मान दाखवायचा तर तो आवाजातून आणि वागण्यातून दाखवावा.

उलटही घडते. मराठीत 'ही कात्री', 'ही पँट' एकवचनी. इंग्रजीत मात्र 'दीज सिझर्स', 'दीज ट्राउझर्स', कारण कात्रीला पाती दोन आणि पँटला पाय दोन.

भगिनींसाठी एक खास सूचना. 'हे कामावर गेले' याचे इंग्रजी करताना 'हे'साठी 'दिस' वापरू नका. माणसाची ओळख करून देताना 'दिस' चालतो, पुढे मात्र पुरुषासाठी 'ही' आणि बाईसाठी 'शी' येतो. इंग्रजीतला 'ही' पुरुष असतो, हे लक्षात ठेवा! म्हणून 'ही हॅज गॉन टू वर्क'. फोनवर मात्र स्वतःसाठी 'दिस' वापरतात: 'हॅलो, दिस इज सुनीता.'

आणखी एक नेहमीची चूक. 'हे माझे पुस्तक नवे आहे' याचे आपण 'दिस माय बुक इज न्यू' करतो. इंग्रजीत 'दिस' आणि 'माय' नामाआधी शेजारी बसत नाहीत. 'दिस बुक ऑफ माइन इज न्यू' म्हणावे.

आता आपल्या घरातला एखादा इंग्रजी दाखला काढा. बहुधा सुरुवातच अशी असेल: 'दिस इज टू सर्टिफाय दॅट...' यातला 'दिस' म्हणजे 'हे', पण 'दॅट' म्हणजे 'ते' नव्हे, तर 'की'. 'याद्वारे प्रमाणित करण्यात येते की...' असा त्याचा अर्थ. एवढे कळले तरी पुढचे नाव, जन्मतारीख, जात बरोबर लिहिली आहे का, हे आपले आपण तपासता येते. कागद हातात घेऊन दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहायला नको.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधी ते पाचवीपासून असे. तेव्हा शिकलेल्या पालकांनी संकोच करू नये. स्वयंपाकघरातल्या वस्तूंकडे बोट दाखवत मुलांबरोबर रोज दहा वाक्ये म्हणावीत.

सरावासाठी :
१) ह्या आमच्या बाई.
२) ते डबे रिकामे आहेत.
३) ती सायकल माझी आहे.

उत्तरे : १) दिस इज अवर टीचर. २) दोज टिन्स आर एम्प्टी. ३) दॅट बायसिकल इज माइन.

आणि हो, मूल चुकले तर हसू नका. ते का चुकले हे आधी विचारा. त्या मुलाला आम्ही तसे विचारले, तेव्हा तो पुन्हा उभा राहिला आणि या वेळी मोठ्याने म्हणाला, "दिस इज माय फादर."